भिंतीकडं तोंड करून
सरकीचा ओला वास नाकात गेला की कापसाच्या जिनिंगमधली ती दुपार आठवते. आमच्या पाळीत दाबलेल्या कापसाच्या गाठी कायम कमी निघायच्या, म्हणून मुकादम सकाळीच म्हणाला, "सांजच्याला एकाला काढणार हाय. ढिला कोण, ते तुमीच येऊन सांगा." त्या दिवशी आमचे हात असे चालले की मुकादम लई खूश झाला. पण रोज गोल बसून एकाच ठेच्याशी भाकरी खाणारे आम्ही, दुपारी भिंतीकडं तोंड करून एकेकटे जेवलो. आज त्याच जिनिंगचा मुकादम मी आहे. पाळी पुन्हा मागं पडलीय, तेच वाक्य जिभेवर आलंय, आणि ठेच्याभोवती बसलेली माणसं सरकून जागा करत मला हाक मारताहेत, "या मुकादम, भाकर खायला."