जकातवाल्या अण्णांची गाडी

हात आडवा केला की समोरचं वाहन थांबलंच पाहिजे, असा आमच्या शेजारच्या अण्णांचा ठाम समज. अक्कलकोट रोडच्या जकात नाक्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. पुढं जकात बंद झाली, नाकाही उठला. तरी सकाळी मी कारखान्यावर निघालो की माझ्या मोटारसायकलपुढं हात आडवा यायचाच.

"काय माल हाय?"

"जेवणाचा डबा, अण्णा."

"बिल दाखीव."

गल्ली हसायची. अण्णा अजिबात हसायचे नाहीत.

नाक्यावरची कडक माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण सख्ख्या मेव्हण्याची, लग्नाच्या तांदळाची पोती अडवणारा पाहिलाय? मेव्हणा लई तापला. अण्णा म्हणाले, "मेव्हणा तू हायस की. पोती न्हाईत." तांदूळ जकात भरूनच मांडवात गेला. मेव्हणा पंगतीत त्यांच्याकडं पाठ करून बसला.

अण्णांची एकुलती एक मुलगी इंग्लंडात. जावई आजारपणात गेला, तेव्हा ती कायमची सोलापूरला यायला तयार झाली. अट एकच. नवऱ्यानं हौसेनं घेतलेली गाडी बरोबर आणायची. "ती येणार नसेल तर मीही येत नाही, अण्णा."

"आण की! जकात मी भरतो." अण्णांच्या डोक्यात नाक्यावरची जकात, शेकड्याला दोन-चार रुपये. परदेशातून आलेला माल सोडवून देणाऱ्या मुंबईच्या एजंटानं फोनवर आकडा सांगितला तेव्हा मी शेजारीच होतो. गाडीच्या किमतीपेक्षा आयातीचा कर जास्त! मी एक कचकचीत शिवी हासडली. अण्णा नुसतं "परत सांगा" म्हणाले.

एजंटानं वाट काढली. "आजोबा, गाडी अपघातात ठोकलेली दाखवू. किंमत उतरली की ड्युटीपण उतरते. सगळेच करतात."

अण्णा ताडकन उठले. "माझ्या जावयानं गाडीला ओरखडा पडू दिला न्हाई. आन तुमी ती ठोकलेली म्हणून लिवणार? ठेवा फोन!"

मंद्रूपचं रान त्यांनी विकायला काढलं. भावकी चवताळली. मीही भांडलो, "येड लागलंय का अण्णा? लोखंडापायी रान विकता?"

"पोरीपायी इकतोय. खोटं लिवून आणलेल्या गाडीत ती ताठ बसंल व्हय?"

मुंबईला त्यांच्यासोबत मीच गेलो. कस्टमच्या साहेबांना अण्णा म्हणाले, "जकात भरायला आलोय."

साहेब हसले. "आजोबा, जकात कधीच बंद झाली."

"नाव बदललंय नुसतं. लई घेताय तुमी. हे चुकीचं हाय." आणि खिशातून हातानं लिहिलेला अर्ज काढला. कर पूर्ण भरतोय, पण तो अन्याय आहे, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळेपर्यंत हा माणूस तिथून हलला नाही. मला त्या कराचा आजही संताप येतो, पण त्या दिवशी अण्णांचा अभिमान वाटला.

गाडी आली, गाडीमागं मुलगीही आली. ती चालवायची आणि अण्णा कायम मागं बसायचे, गुडघे दुखत असले तरी.

"पुढं ऐसपैस बसा की," मी एकदा म्हणालो.

"ती जागा जावयाची हाय."

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. तेराव्यानंतर मुलगी कामावर निघाली, मोटारसायकल बिघडल्यानं मी पायी निघालेलो पाहून थांबली. "दादा, बसा, कारखान्यापाशी सोडते."

मी पुढच्या दाराला हात लावला. मग मागच्या. कुठंच बसवेना. "तू हो पुढं," म्हणालो आणि चालत निघालो.