टेबलावरचा घाट

घुग्घुसला माझ्या टायरच्या दुकानाशेजारी एक मेकॅनिक चाचा बसतात. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाला हुकूम देणारा डबा, ते टेबलावर तपासतात. बटणं फिरवून त्याला खोटा वेग, खोटी उष्णता दाखवतात. डब्याला वाटतं, आपण गाडीतच आहोत. “चल बेटा, घाट आला,” चाचा त्याला सांगतात.

एकदा जंगलातल्या भामरागडची ॲम्ब्युलन्स आली, चालता चालता बंद पडते म्हणून. तिचा डबा टेबलावर तासभर नीट चालला.

“चाचा, द्या ना! काऊन थांबून राह्यले?” ड्रायव्हर म्हणाला.

चाचांनी उष्णता आणखी वाढवली. डबा बंद पडला.

“इथी पडला, बरं झालं. जंगलात काय केलं असतं?” चाचा म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच्या, त्याच मॉडेलच्या गाडीतला डबा काढून ॲम्ब्युलन्सला बसवला. आठवडाभर ते पायीच दुकानात आले. मी विचारलं, तर म्हणाले, “माह्या गाडीले कुठी पेशंट न्यायचा हाय?”