यंदाचे नवीन प्लेयर आणि माझं घर

असले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. वाळलेल्या कपड्यांच्या चार दिवस घड्या घातल्या नाहीत की खाटेवर ढीग होतो, तसं माझं झालंय.

आमचे हे कागलच्या एमआयडीसीत कामाला. पण जीव सगळा पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमवर. आमच्याकडं कुस्तीच्या तालमींच्याच फुटबॉलच्या टीमा असतात. गेल्या सिझनला टीम पार तळाला गेली, म्हणून यंदा नवीन प्लेयर आणायचं ह्यांनी अंगावर घेतलं. त्यात इतके खाडे झाले की साहेबांनी बजावलं, "आता एक जरी खाडा झाला तर घरीच बसायचं!"

परी अडीच वर्षांची. मी सातवी शिकलेली. ह्यांची नोकरी गेली तर काय, ह्या विचारानं माझी भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच फाटते.

*

पहिला स्ट्रायकर मोबाइलवर व्हिडिओ बघून आणला. तीन गोल, तिन्ही झक्कास! ह्यांनी तो व्हिडिओ मला भाजी चिरताना दाखवला, सासूला, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, देवपूजेत दाखवला.

प्लेयर आला. पहिल्या प्रॅक्टिसला त्याला बॉलच सापडेना. संध्याकाळी ह्यांनी व्हिडिओ लावून विचारलं, "ह्यात तू कुठला रं?"

"गोल झाल्यावर पळत येऊन गळ्यात पडतोय बघा, त्यो मी."

*

सही होईपर्यंत प्लेयर लपवून ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. नाहीतर दुसरी तालीम पळवते. मधल्या फळीतला एक चांगला हाफ मिळाला, तो आमच्या माडीवर लपवला. मी आणि परी स्वयंपाकघरात झोपायला.

दुसऱ्या दिवशी दोघंजण दारात आले. आत्याबाई म्हणाल्या, "कोण पावणं?"

"प्लेयरला भेटायचं हुतं, मावशी."

"मग जावा की वर! च्या टाकते."

त्यांनी चहा घेतला, खारी खाल्ली, प्लेयरची बॅगसुद्धा स्वतः उचलली. संध्याकाळी दुसऱ्या तालमीच्या ग्रुपवर त्याचा हार घातलेला फोटो!

ह्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. आत्याबाई म्हणाल्या, "मला काय म्हाईत? चांगली घरंदाज पोरं वाटली!"

*

परीला ताप चढला. ह्यांना फोन लावला तर लागेना. तिला खांद्यावर टाकून एकटीच दवाखान्यात गेले. लाइनीत उभी राहिले, तर पलीकडच्या बाकावर हे! शेजारी नवा प्लेयर, गुडघा सुजलेला.

मला बघून ह्यांना केवढा आनंद! मला वाटलं, पोरीला घेतील. तर म्हणाले, "बरं झालं आलीस. एवढा ह्याचा एक्स-रे धर, मी तालमीत जाऊन येतो."

परीला डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तिला धरायला तो लंगडा प्लेयरच होता. आणलेल्यांत तेवढाच एक कामाचा निघाला.

*

रविवारी तालमीच्या कट्ट्यावर बैठक. यंदाची टीम कशी, ह्यावर सगळे बोलत होते. मी परीला घेऊन बाजूनं चालले होते. एका म्हाताऱ्या काकांनी हाक मारली, "सूनबाई, तू रोज जेवाय घालतीस ह्या प्लेयरास्नी. तुला काय वाटतंय?"

मी म्हणाले, "काका, सगळे भाताच्या वेळेला बरोबर पोझिशनला असतात."

सगळे हसले. हे पण हसले. मला घरी येऊन रडू आलं.

*

मंगळवारी ह्यांनी परत खाडा केला. गोव्याचा कोण डिफेन्सचा बॅक येणार होता, त्याला आणायला स्टँडवर गेले. तो आलाच नाही.

बुधवारी कामावर गेले ते अकरालाच दारात. डबा तसाच भरलेला. मी परीला कडेवर घेतलं आणि ह्यांच्या हातातला डबा घेतला.

आत्याबाईंनी विचारलं, "काय झालं रं?"

"काढलं की."

हे तांब्याभर पाणी प्यायले, तोंड पुसून माझ्याकडं वळले.

"पर गेटपर्यंत सोडायला सिक्युरिटीवाला आलता. काय उंची म्हणायची! आन् पंजा बघ, सुपाएवढा! नंबर घिऊन आलोय. गोलकीपरचं काम झालं समज!"