गाण्यातली कोरी जागा

गाण्याच्या बाई शिस्तीच्या. त्यांच्या गायनवृंदातल्या मुली एकाच वेळी श्वास घेत, एकाच वेळी ओठ मिटत. शाळेला त्याचं फार कौतुक होतं. पण आंतरशालेय स्पर्धेत बक्षीस नेहमी दुसऱ्याच कुणाला मिळे. गेल्या वर्षी एक परीक्षक शेजारच्याला म्हणाले, "छान आहे, पण इस्त्री केल्यासारखं." बाईंनी ते ऐकलं आणि ते त्यांच्या मनाला लागलं.

म्हणून यंदा त्यांनी जॅझच्या ढंगाचं समूहगीत निवडलं. मुलींच्या उंच, कोवळ्या आवाजांसाठीच बांधलेलं, झुलत्या ठेक्याचं. मधोमध कागदावर नुसत्या कोऱ्या रेघा होत्या. तिथे एका मुलीनं शब्दांशिवाय, 'दू-बा-दा' करत, त्या क्षणी सुचेल ते गायचं होतं.

बाईंना जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांचा धाकटा दीर उमेदीच्या काळात हॉटेलातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. "भावजींचं ते हॉटेलातलं वाजवणं," असं बाई आजवर नाक मुरडून म्हणायच्या. आता त्यालाच चहाला बोलवावं लागलं.

"वहिनी, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर," त्यानं जेवणाच्या टेबलावर ठेका धरला. "जोडीतला पहिला सूर जरा रेंगाळू द्या, दुसरा पटकन उचला. कवायत नको, डुलत चाला."

"आणि ही कोरी जागा?"

"ती कोरीच राहू द्या. रोज वेगळं येईल. कधी रद्दड येईल, तेही गाऊ द्या."

"आणि ऐन स्टेजवर रद्दड आलं तर?"

"तर आलं," तो हसून म्हणाला.

बाईंनी बाकं भिंतीला सरकवली. मुली टाळ्या वाजवत खोलीभर डुलत फिरू लागल्या आणि हळूहळू गाण्यात जीव आला. कोऱ्या जागेसाठी त्यांनी शिट्टीला निवडलं. सतत शिट्टी वाजवते म्हणून मैत्रिणींनी तिला ते नाव ठेवलं होतं. एखाद्या दिवशी शिट्टी असं काही गायची की पियानोवरची बाईंची बोटं थबकत. दुसऱ्या दिवशी तीच दोन सुरांत अडकून बसायची आणि स्वतःच खो खो हसायची.

स्पर्धा जवळ आली तशी बाईंची झोप उडाली. शेवटी त्यांनी शिट्टीच्या चांगल्या जागा आठवून एकीला एक जोडल्या, कागदावर उतरवल्या आणि तिच्याकडून घोकून घेतल्या.

"पण बाई, हे मला तिथे सुचायला हवं ना?"

"सुचल्यासारखं गा. कुणाला कळणार आहे?"

स्पर्धेत गाणं झकास झालं. शिट्टीच्या जागेला टाळ्या पडल्या. गाणं संपल्यावर परीक्षकांमधल्या एक वयस्क गायिका पुढे झुकल्या. "वा! हे तुला आत्ता सुचलं, बाळा?"

शिट्टीनं पियानोकडे पाहिलं. बाईंनी किंचित होकारार्थी मान हलवली.

"हो," शिट्टी म्हणाली.

"मग आणखी एकदा ऐकव. वेगळं काहीतरी, खास माझ्यासाठी."

बाईंनी पियानोवर हात ठेवले. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शिट्टीनं तोंड उघडलं आणि तेच गाणं बाहेर पडलं, सूर न् सूर तोच. तिच्या ते लक्षात आलं आणि ती मध्येच थांबली. तिचा चेहरा लालबुंद झाला. सभागृहात मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"पुरे बाळा, छान," गायिका हळूच म्हणाल्या. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाईंनी तो सोसला असता. तिथे फक्त सगळं समजल्याचं दिसत होतं. जमिनीनं पोटात घ्यावं असं बाईंना झालं.

परतताना बसमध्ये शिट्टी शेजारी येऊन बसली. "बाई, मी 'हो' म्हणायला नको होतं का?"

"घसा दमला असेल तुझा," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. आणि हे बोलल्याची लाज त्यांना स्टेजवरच्या फजितीपेक्षा जास्त वाटली.

पुढच्या तासाला त्यांनी सगळ्या मुलींसमोर सांगितलं. जागा आपण लिहून दिली होती, मान आपण हलवली होती, शिट्टीची काही चूक नव्हती. बोलताना त्यांचे कान तापले होते.

"पण का, बाई?" शिट्टीनं विचारलं.

"मला भीती वाटली."

"मलाही वाटायची. तरी मजा यायची." एवढंच बोलून ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी कोरी जागा आली तेव्हा बाई स्वतः गायल्या. आवाज फाटला, तेच दोन सूर परत परत आले. मुली तोंडावर हात ठेवून हसल्या, बाईंनी हसू दिलं. मग एकेक मुलगी पुढे येऊ लागली. शाळेच्या संमेलनात तीच कोरी जागा एका लाजऱ्या मुलीनं गायली, बरीचशी बेसूर. दीर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

शिट्टी गायनवृंदात राहिली, पण मागच्या रांगेतच. पुढे ये, असं बाई तिला पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. तिच्याकडे काही मागायला आपल्याला तोंड उरलेलं नाही, हे त्यांना कळत होतं.

एकदा शाळा सुटल्यावर बाई संगीताच्या खोलीकडे निघाल्या होत्या. आत शिट्टी एकटीच गात होती. कधी न ऐकलेलं काहीतरी, मध्येच अडखळणारं, पुन्हा उसळणारं. बाईंचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. आपण दिसलो तर ती थांबेल. त्यांनी पायातल्या चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पलीकडच्या जिन्यानं खाली उतरल्या.