चार नंबरच्या प्लॉटमधलं गवत

आधीच सांगते, लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची मी थट्टा करते आणि त्यावरून घरात बोलणीही खाते. माझं कामही तसंच आहे... गवत कापायचं, वाळवायचं, वजन करायचं आणि ते किती वाढलं, का वाढलं ते सांगायचं. त्यात भुताखेतांना जागाच नाही. तरी हे लिहितेय, कारण माझ्या थिसिसमध्ये एक ओळ अशी आहे, जिचा अर्थ मला स्वतःला लागत नाही.

मी अमरावतीची. घरी भाजीचा धंदा. पीएचडीसाठी मी जिथे काम करत होते ती जागा म्हणजे अचलपूरहून अंजनगाव सुर्जीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत असलेलं एका गावचं गायरान. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या मोबाईल घेऊन मंडळी तिथे हजर होतील. काळी माती, त्यात पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं. गुरं चरली नाहीत तर ही गवतं कशी वाढतात हे बघायला आम्ही तिथे जाळी लावून चार प्लॉट केले होते. प्रत्येक प्लॉटला दार, दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

पहिल्याच पावसाळ्यात तीन प्लॉट गुडघ्याच्या वर गेले आणि चार नंबर घोट्याशीच राहिला. माती तीच, पाऊस तोच. वाकून बघितलं तर गवत खाल्लेलं होतं. आता हे मला ओळखता येतं. गाईबैलांना वरचे पुढचे दात नसतात, ते गवत जिभेनं ओढून तोडतात, म्हणून टोकं फाटकी दिसतात. विळ्यानं कापलेलं साफ दिसतं. शिवाय मी भाजीवाल्याची मुलगी, देठ आजचा की कालचा हे मला कुणी सांगावं लागत नाही. टोकं ताजी होती, ओली होती. पण जाळी कुठे वाकलेली नाही, कुलूप जसंच्या तसं, शेण नाही, आणि ज्या चिखलात टिटवीचे पायसुद्धा उमटतात त्यात एकही खूर नाही.

आमचे गाईड अकोल्याचे. त्यांनी माझे आकडे बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक तर तुझी जाळी फाटकी आहे, नाहीतर तूच कापून आणतेस. तिसरं काही नसतं." आकडे खोटे असल्याचा संशय एकदा आला की या क्षेत्रात माणूस संपतो. पुढच्या पावसाळ्यात मी पदरचे पैसे घालून चार नंबरवर कॅमेरा लावला. एका फोटोत गवत उभं, पुढच्या फोटोत खुडलेलं. मध्ये कुणीच नाही. सर म्हणाले, "पुढच्या महिन्यापर्यंत कारण आण, नाहीतर तो प्लॉट काढून टाक. आणि बाकीच्या तिघांवर तरी मी विश्वास का ठेवू, तेही सांग."

गायरानाला लागून नामदेवकाकांचं शेत होतं. साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. मी पाणी प्यायला त्यांच्या गोठ्यावर जायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गेले, तेव्हा ते त्यांच्या पांढऱ्या बैलाचा खांदा तुपाहळदीनं मळत होते. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडे बैलाला असं जेवणाचं आमंत्रण देतात, त्यात नवीन काही नव्हतं. पण ते म्हणताना काकांचा आवाज फुटला.

मी सहज विचारलं, "काका, चार नंबरच्या जाळीत कोनाचं ढोर शिरते?"

"माह्यं," ते म्हणाले.

मला वाटलं, सापडला एकदाचा चोर. रागानंच विचारलं, "मंग सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू पोरी? तुमी शिकेल लोक, हसले असते." ते खाली बसले. "याचा जोडीदार होता, खैऱ्या. तुमी इथं याच्या आंधीच्या साली म्या त्याले असंच आवतन देल्लं. पोळ्याच्या पहाटी पायतो तं आडवा पडेल. काय चावलं, काय झालं, समजलंच नाई. वावरात कापसाची पऱ्हाटी उभी होती, म्हून गायरानात पुरला. तुमी जागा आखली तवा मी पोरीकडे अकोल्याले होतो. आलो तं त्याच्यावरच जाळी लागेल." मग म्हणाले, "आवतन देऊन उपाशी धाडलं म्या त्याले."

माझ्यातली विद्यार्थिनी लगेच जागी झाली. खाली बैल पुरलेला असेल तर वरचं गवत उलट जोमानं वाढायला हवं. मी ते बोललेसुद्धा. काका म्हणाले, "वाढते न. तो खाते."

दुसऱ्या दिवशी मी चार नंबरचं कुलूप उघडलं. कामाशिवाय कुणी आत पाय ठेवायचा नाही हा माझाच नियम. काकांनी पुरणपोळीचं ताट गवतावर ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "जेव बाप्पा. उशीर झाला."

मग आवाज आला. गुरं चरताना गवत तुटतं ना, तसा... आमच्यापासून दोन हातांवर. लख्ख ऊन होतं, समोर काहीच नव्हतं. जाळीबाहेर झूल घालून उभा असलेला पांढरा बैल मान वर करून हंबरला. मला भीती वाटली नाही, का कोण जाणे. नुसतं रडू आलं. काका डोळे मिटून उभे होते. आवाज थांबला तेव्हा त्यांनी ताट तिथेच राहू दिलं आणि आम्ही बाहेर आलो.

ताट सकाळी रिकामं होतं. ते मुंग्या-उंदरांचंही काम असेल, त्याचं मला काही नाही. पण त्या दिवसानंतर चार नंबरमधलं एकही पातं तुटलं नाही. पाऊस संपेपर्यंत ते बाकी तिघांच्या वर गेलं.

सर म्हणाले होते, काढून टाक. मी प्लॉट ठेवला, सगळे आकडे ठेवले आणि शेऱ्यात लिहिलं, 'पोळ्यापर्यंत बैलाने चरलेले.' व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "बंद जाळीत बैल गेला कसा?"

"माहीत नाही सर," मी म्हटलं. "पण चरलेलं आहे, टोकांचे फोटो जोडलेत."

त्यांनी फोटो बराच वेळ बघितले आणि पान उलटलं. आमचे सर माझ्याकडे बघत होते, पण या वेळी चष्मा काढला नाही.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "झालं काय पोरी?"

"झालं काका."

"खैऱ्याचं नाव हाय काय तुया पुस्तकात?"

"नाव नाई काका. बैलानं चरलं, एवढं लिवलं."

"म्हंजे जेवला तो."

"जेवला काका," मी म्हटलं.