तंबाखू न विकणारी पुतळाबाई

चाकणच्या बाजारात कांदा घेऊन आलेला गाडीवान बैल सोडले की आधी दत्तोबाच्या दुकानावर जायचा. मीठ, मिरची, गूळ, चहा, रॉकेल असं सगळंच तिथं मिळे. पण लोक येत ते तंबाखूसाठी. दत्तोबा ती पुण्याच्या पेठेत स्वतः जाऊन निवडून आणी. पोतं उघडलं की मूठभर पान नाकाशी धरून डोळे मिटून उभा राही. पसंत पडलं नाही, तर हुज्जत न घालता पुढच्या वखारीकडं चालू लागे. घरी आणून ती उन्हात द्यायची, चुरायची, चाळायची आणि झाकणाच्या डब्यांत भरायची, हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

त्याची बायको पुतळाबाई लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला त्या वासानं शिंका येत. पुढं कधीतरी शिंका थांबल्या. दत्तोबाच्या सदऱ्याला, पांघरुणाला, दुकानाच्या फळ्यांनासुद्धा तोच वास होता. तो वास आला की नवरा जवळपास आहे, एवढं तिला न बघता कळे.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील, त्या सुमाराला दत्तोबाच्या गालात आतून एक पांढरा चट्टा उठला. तोंड आलंय म्हणून त्यानं तूप लावलं, कात लावला. चट्ट्याची जखम झाली, जखम भरेना, तेव्हा एसटीनं दोघं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तोंडात बघायच्या आधीच विचारलं, "तंबाखू कुठल्या गालात धरता?"

दत्तोबानं बाहेरून बोट ठेवलं. ते नेमकं जखमेवर पडलं.

"असे पुष्कळ येतात आमच्याकडे," डॉक्टर पुतळाबाईकडे वळून म्हणाले. "चट्टा होता तेव्हा यायला हवं होतं."

त्यानंतरचं फार बोलण्यासारखं नाही. दत्तोबाला आधी भाकरी जाईना, मग पेजही जाईना, शेवटी शब्दही फुटेना. एका दुपारी त्यानं खुणेनं तंबाखूचा डबा मागितला. पुतळाबाईनं चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली नाही. नाकाशी धरली, बराच वेळ धरली आणि तिच्या हातात परत दिली. काय म्हणायचं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो गेला त्यानंतर पुतळाबाई त्या दुपारचा अर्थ पुष्कळ वेळा लावत बसली, पण लागला नाही.

दिवसकार्य उरकलं आणि तिनं दुकान उघडलं. पहिलं काम केलं ते तंबाखूची पोती बाहेर काढायचं. पेठेतल्या व्यापाऱ्याचा माणूस आबाजी दर पंधरवड्याला लॉरीतून दत्तोबानं निवडलेली तंबाखू आणि बाकीचा माल घेऊन येई. तिनं पोती त्याच्यापुढं ठेवली.

"ही परत घेऊन जावा. आता तंबाखू न्हाई ठेवायची."

आबाजीला वाटलं, दुःखात बोलते आहे. तो ओट्यावर बसला आणि समजुतीनं म्हणाला, "पुतळाबाई, हे दुकान तंबाखूवर उभं आहे."

"मंग बसू द्या खाली."

"शेठ ऐकायचे नाहीत. तंबाखू घेत नसाल, तर गूळ न् चहा तरी त्यांनी तुम्हाला कशाला पाठवावा?"

"नगा पाठवू. खेडातनं आणीन मी."

तशी ती आणूही लागली. खेडच्या व्यापाऱ्याकडं माल जरा डावा होता, निवडायला वेळ लागे, पण ती निवडून घेई. विड्या बंद झाल्या, दात घासायची तंबाखूची मिशरी बंद झाली. बायकासुद्धा चिडल्या. शेजारची तानाबाई मिशरीच्या पुडीसाठी आली आणि तशीच परत गेली, ते आठ दिवस बोलली नाही. चिंचवडला दिलेली लेक सुमन म्हणाली, आमच्याकडं येऊन राहा, पिंपरीला कारखाना झालाय, ह्यांचा पगार चालू आहे. पुतळाबाई म्हणाली, "दुकान हाय माझं."

सगळ्यांत जास्त बिनसलं ते मुरारीचं. मुरारी दत्तोबाचा लहानपणापासूनचा सोबती, स्वतःची बैलगाडी चालवणारा. दिवस मावळायला दोघं ओट्यावर बसत, एकाच डबीतून चुना घेत आणि गावभरच्या गप्पा मारत. तंबाखू बंद झाल्याचं ऐकून तो तडक दुकानात आला.

"वैनी, लोकांनी काय खावं त्ये तुमी ठरवनार व्हय?"

"न्हाई भावजी. तुमी खुशाल खा. मालोजीच्या दुकानात मिळती. मी काय इकावं, त्येवढंच मी ठरवते."

"दत्तोबानं ज्यावर नाव कमावलं, त्येच तुमी रस्त्यावर टाकलं. त्यो असता तर काय म्हनला असता?"

 पुतळाबाईनं तागडी पुसायला घेतली. मुरारी समोरच्या मालोजीच्या दुकानाकडं निघून गेला आणि त्या दिवसापासून त्याचं बसणं तिकडं सुरू झालं. त्याच्यामागून बाकीचेही गेले. संध्याकाळी पुतळाबाईचा ओटा मोकळा, आणि रस्त्यापलीकडं माणसांचं हसणं. त्या हसण्यात दत्तोबाचं नाव निघतंय का, ते ऐकायला ती उगाच तागडी पुसत दारात उभी राही. रस्त्यावरून लॉरी जाई, आणि नेमकं बोलणं ऐकू येत नसे.

एकदा सायकलवरून एका कंपनीचा माणूस दंतमंजनाचे रंगीत डबे घेऊन आला. डब्यावर हसऱ्या बाईचं चित्र होतं.

"ह्यात तंबाखू हाय का?" तिनं विचारलं.

"सगळं लिहिलेलं आहे मावशी, डब्यावर."

"मला वाचता येत न्हाई. तुमी वाचून सांगा, आनी तुमी सांगितलं म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगीन."

त्यानं डबा फिरवून फिरवून पाहिला आणि कंपनीला विचारून सांगतो म्हणाला. पुन्हा काही तो आला नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका सकाळी फळ्या काढताना पुतळाबाईला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ती आत गेली, बाहेर आली, फळीला नाक लावलं. लाकडाला लाकडाचाच वास होता. फडताळातले तंबाखूचे जुने डबे उघडले, तर त्यांत जिरं भरून ठेवल्याला महिने लोटलेले. दत्तोबाचा सदरा पेटीत होता. त्यालाही आता नुसता डांबरगोळीचा वास येत होता. दुकानातून तंबाखू तिनंच घालवली होती, आणि तिच्याबरोबर हेही जाणार, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी ती गल्ल्यावर बसून होती, पण गिऱ्हाइकांना दोनदोनदा मागावं लागत होतं.

दुपारी ती उठली आणि रस्ता ओलांडून मालोजीच्या दुकानात गेली. मालोजीला वाटलं, भांडायला आली. तो तंबाखू तोलत होता, त्याचा हात थांबला.

"काय पाहिजे वैनी?"

"काय न्हाई. जरा हुबी ऱ्हाते."

मालोजीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग पोत्याचं तोंड थोडं आणखी उघडलं आणि पुन्हा तोलायला लागला. पुतळाबाई पदर खांद्यावर ओढून पोत्याजवळ उभी राहिली. माल दत्तोबाच्या निवडीचा नव्हता, वासात कचरा होता, तरीपण वास तोच होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "येते," आणि परत आली. पुन्हा ती तिकडं गेली नाही. एकदाच पुरलं असं नाही; पण रोज जावंसं वाटेल, ही भीती होती.

त्या उन्हाळ्यात मुरारीची बायको भागूबाई मीठ घ्यायला आली आणि मीठ घेऊनही निघेना.

"बाई, दत्तोबांना पहिल्यांदा काय दिसलं व्हतं?"

पुतळाबाईनं हातातलं माप खाली ठेवलं. "का?"

"ह्यांना तिखट लागतंय तोंडात. आत पांढरं हाय कायतरी. मी बोलले की अंगावर येत्यात."

"त्येस्नी म्हणावं, वैनीनं बोलावलंय. भांडायला या म्हणावं."

मुरारी दुसऱ्या दिवशी आला. ओट्याला पाय लावायला तयार नव्हता, खालीच उभा राहिला. पुतळाबाईनं त्याला उन्हाकडं तोंड करायला लावलं. बैलाचे दात बघतात तसं मान वाकवून त्यानं तोंड उघडलं. तिनं पाहिलं आणि नजर खाली केली.

"असंच व्हतं?" मुरारीनं विचारलं.

"असंच. असं असतानाच आमी नुसतं तूप लावत बसलो. उद्या सकाळच्या गाडीनं चला. मी येते संगं."

"दुकान?"

"ऱ्हाईल बंद."

पुण्याच्या त्याच दवाखान्यात, त्याच लांबलचक बाकावर ती भागूबाईशेजारी बसली. मुरारीचा चट्टा डॉक्टरांनी कापून काढला. वेळेवर आलात म्हणाले, पण तंबाखू सोडली नाहीत तर पुन्हा याल, असंही म्हणाले. परत येताना एसटीत मुरारी खिडकीबाहेर बघत होता. गालात कापूस होता, बोलता येत नव्हतं. भोसरी मागं पडल्यावर त्यानं खिशातली चुन्याची डबी काढली आणि पुतळाबाईपुढं धरली. तिनं घेतली नाही. "भावजी, तुमचं तुमीच ठरवा," ती म्हणाली. थोड्या अंतरावर त्यानं ती खिडकीतून टाकली.

सोडणं सोपं गेलं नाही. दोनदा त्यानं चोरून खाल्ली आणि दोन्ही वेळा स्वतःच येऊन सांगितलं. हळूहळू संध्याकाळचं त्याचं बसणं पुन्हा या ओट्यावर आलं. त्याच्याबरोबर आणखी एकदोघे आले. बाकीचे मालोजीकडंच राहिले, त्याचं पुतळाबाईला काही वाटलं नाही. फुटाण्याची पुडी मुरारीपुढं सारून ती आपलं काम करी. ओटा भरला होता, पण दत्तोबाची जागा तशीच रिकामी होती, आणि मुरारीही त्या जागेवर कधी बसत नसे.

एकदा असाच बसलेला असताना, गूळ घ्यायला उभ्या असलेल्या बाईसमोरच तो म्हणाला, "तुमाला बघायला आलो तवा शिवेवरच दत्तोबानं गाडी थांबवायला लावली व्हती. म्हनला, परत फिरव. पोरगी न्हाई म्हनली तर? मी म्हनलं, आजून बघितली कुठं? तर म्हनला, बघितलीय. खेडच्या बाजारात."

"मला?"

"कुंभाराकडं मडकं घेत व्हता म्हनं तुमी. पानी भरून दाखव, मगच घेईन म्हनून तुमी अडून बसलात. कुंभारानं भरलं, तर झिरपलं. तुमी दुसरं भरायला लावलं. ह्यो मागं हुबा ऱ्हाऊन सगळं बघत व्हता. म्हनला, हीच करायची."

पुतळाबाईच्या हातातला गुळाचा खडा तागडीवर पडला. एवढ्या वर्षांत दत्तोबा तिला हे कधी बोलला नव्हता. ती तो दिवस आठवायला लागली. कुंभार आठवला, त्याची मातीनं भरलेली बोटं आठवली, बापाचं चिडणं आठवलं, ओल्या मडक्याचा गारवा हाताला आठवला. मागं माणसं उभी होती. पण त्यांतला एकही चेहरा काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

"कुठल्या अंगाला हुबे व्हते ते?" तिनं विचारलं.

मुरारीनं फुटाण्याची पुडी खाली ठेवली. "त्ये न्हाई सांगितलं त्यानं."