जागा मागायची नसती, लेकरू द्यायचं

एसटीतून तान्ह्या बाळाला कसं न्यावं हे या पृथ्वीतलावर फक्त एका व्यक्तीला कळतं आणि ती व्यक्ती म्हणजे माझ्या बायकोची मावशी. हे मत माझं नाही, त्यांचंच आहे. पण त्या ते इतकी वर्षं इतक्या ठामपणे सांगत आल्या आहेत की त्याविरुद्ध बोलणारा माणूस वैरागपासून सोलापूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. सापडलाच, तर त्याच्या मांडीवर कुणाचं तरी बाळ असेल आणि तो गप्प बसलेला असेल. मावशी राहतात वैरागला. माझी सासुरवाडीही तिथलीच, आणि त्या घरात अशी रीत आहे की माहेरी बाळंत झालेल्या मुलीला आणि तिच्या लेकराला सासरी पोचवायला जायचं ते मावशींनीच. त्या घरातल्या झाडून सगळ्या पोरांचा पहिला प्रवास मावशींच्या मांडीवरून झालेला आहे. लग्नाकार्यात मानपान राहिला तर मावशी मनावर घेत नाहीत, पण बाळंतिणीला पोचवायचं बोलावणं यायला जरा उशीर झाला की "मला इसरला व्हय?" म्हणत स्वतःच दारात येऊन उभ्या राहतात. त्या एका बोलावण्यावर त्यांचा सगळा जीव आहे.

आमच्या थोरलीला सोलापूरला आणायची वेळ आली तेव्हा मी शहाणा बाप होतो. बाळाला पोटाशी बांधायचा पट्टा, हात धुवायचं जंतुनाशक, मोबाइलवर वाचून पाठ केलेले सल्ले, अशी जय्यत तयारी करून मी वैरागला गेलो. मावशींनी पट्टा उलटसुलट करून पाहिला, "बैल कुटं हाय ह्याचा?" असं विचारलं आणि तो खुंटीला अडकवून टाकला. तो अजून तिथेच आहे. स्टँडवर गाडी आली ती बार्शीपासूनच भरलेली. जी एक-दोन बाकं रिकामी होत होती त्यांच्यावर लोक खिडकीतून रुमाल, पिशव्या, टोप्या टाकत होते. मीही रुमाल काढला. मावशींनी माझ्याकडे, ढ मुलाने पुन्हा तेच उत्तर चुकवल्यावर मास्तर बघतात तसं पाहिलं. मग पिशवीतून बाळाची लंगोटी काढली, ओली, खास या कामासाठी राखलेली, आणि खिडकीतून नेमकी बाकावर टाकली. "रुमाल उचलून फेकतेत, जावईबापू. हिला हात लावून दावावा की कुणीबी!" कुणी लावला नाही. शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थाने तर नाकाला रुमाल लावला.

बायकोची आणि पिशव्यांची बसायची सोय झाली. राहिलो मी आणि मावशी. मी एका माणसाला "जरा सरकता का?" असं विचारणार तेवढ्यात मावशींनी मला कोपराने ढोसलं. जागा मागायची नसती, लेकरू द्यायचं, हा त्यांच्या शास्त्रातला पहिला नियम. मागितलेली जागा माणूस नाकारतो, पण पुढ्यात धरलेलं बाळ नाकारायला फार मोठं काळीज लागतं. अर्थात मांडीही पारखून घ्यावी लागते. कानात वायरी घातलेली पोरं बाद, कारण त्यांचं लक्ष नसतं. नव्या इरकल साडीतल्या बायका बाद, कारण त्यांचं फार लक्ष असतं. त्या दिवशी मावशींची नजर पडली ती कडक इस्त्रीतल्या एका हवालदारावर. "धरा वो साहेब जरा," म्हणून त्यांनी आमची मुलगी कायद्याच्या ताब्यात दिली. मुलीने थोड्याच वेळात कायदा पार भिजवून टाकला. मी घाबरून माझा तो बिनकामाचा रुमाल पुढे केला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "लई चांगला शकुन हाय, साहेब. औंदा बढती हाय तुमची." हवालदार हसला, उठला आणि मावशींना जागा देऊन पुढचा सगळा रस्ता उभा राहून वाळत गेला. मी उभाच होतो. जावयाला बसायला जागा मिळावी असा नियम मावशींच्या शास्त्रात नाही.

मग बाळ रडलं. त्या रडण्याला काही सुमार नव्हता. मी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे "सॉरी, सॉरी" म्हणत सुटलो. मावशींना ते सहन होईना. "जावईबापू, माफी कशाला मागताय? लेकरू चोरून आनलंय का तुमी?" त्यांनी भर गाडीत विचारलं आणि दोन-तीन बायका माझ्याकडे खरोखरच संशयाने बघू लागल्या. "लेकरानं रडायचं न्हाय, तर काय कंडक्टरनं रडायचं?" खरं तर मावशींनी रडण्याचा बंदोबस्त आधीच करून ठेवला होता. गाडी सुटल्या सुटल्या त्यांनी डबा उघडून आजूबाजूच्या झाडून सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटली होती. नको म्हणणाऱ्याच्या हातात जास्त दिली होती. "मीठ खाल्लेला मानूस वसकन अंगावर येत न्हाय," हे त्यांचं म्हणणं. लाच देणं वाईट असतं हे मलाही मान्य आहे, पण शेंगाचटणीच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्यात कुणी तसं बोलत नाही. बरं, ही बाई बेफिकीर म्हणावी तर तसंही नाही. माझ्या बायकोने बाळाचं भरलेलं डायपर खिडकीतून टाकायला हात बाहेर काढला तर मावशींनी तिचा हातच धरला. "गाडी आन् रस्ता काय आपल्या बापाचा हाय?" त्यांनी ते डायपर कागदात नीट गुंडाळलं आणि माझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवलं. न विचारता.

एवढ्या शिस्तीने प्रवास करून आम्ही सोलापुरात स्टँडच्या अलीकडच्या नाक्यावर उतरलो. पिशव्या उतरल्या, पाळण्याच्या दोऱ्या उतरल्या, डिंकाच्या लाडवांचा डबा उतरला. बायकोला वाटलं बाळ मावशींकडे आहे, मावशींना वाटलं माझ्याकडे आहे आणि मला, मी बाप असल्यामुळे, काहीच वाटलं नाही. बाळ मांड्यामांड्यांवरून फिरत शेवटच्या बाकावर पोचलं होतं. गाडी हलली तशी बायकोने जी किंकाळी फोडली ती मी जन्मात विसरणार नाही. आम्ही गाडीमागे धावलो. गाडी थांबली, मागच्या खिडकीतून एका म्हाताऱ्याने बाळ बाहेर दिलं आणि वर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की आजून थोडं." मावशी म्हणाल्या, "बगा, किती जीव लावला लोकानी!"  मी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढचं लेकरू स्वतःच्या मोटारीतून येईल. मावशी चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीने गेल्या.

धाकटा झाला तोवर मी शब्दाला जागलो होतो. मोटार जुनी, पण काचा वर जायच्या आणि गारवाही यायचा. त्याला आणायला मी वैरागला गेलो तर मावशी सासुरवाडीच्या ओट्यावर लांब बसून होत्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मोटारीला पोचवणारी कशाला लागते? पण इस्त्रीचं लुगडं नेसून, मांडीवर डबा घेऊन त्या आल्या होत्या. बायको म्हणाली, "मावशी, गाडीत बसा की." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी दार उघडलं तेव्हा कुठे बसल्या.

सगळा रस्ता बाळ झोपलं. एकदाही रडलं नाही, कुणाला भिजवलं नाही. बायकोचाही डोळा लागला. मावशी मांडीवरच्या पोराकडे बघत ताठ बसून होत्या. एकदा हळूच डबा उघडला, गाडीभर नजर फिरवली आणि पुन्हा लावून टाकला. मला आरशातून सगळं दिसत होतं. ज्या शांततेसाठी मी ती मोटार घेतली होती ती मला सोसवेना. सोलापूर जवळ आलं तसा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा आडवं नसताना, मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. बाळ दचकलं आणि त्याने भोकाड पसरलं. बायको माझ्यावर जे काही ओरडली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशी मात्र सावरून बसल्या. "उगी उगी माज्या सोन्या, काय झालं रं, काच करा की खाली, जावईबापू, वारं लागू द्या लेकराला!" घर येईपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही.

दारात उतरताना त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं, पण हात लगेच काढून घेतले नाहीत. खाली बघत म्हणाल्या, "पुडच्या बारीला बी मलाच बोलवा की."

दोन मुलांवर थांबायचं हे आमचं केव्हाच ठरलं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हालाच बोलावणार, मावशी," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाला जमतंय ते?"